महिरपी कंस

महापे, तिसरा मजला. दहाला एसी बंद होतो,
मग सर्व्हरच्या खोलीतला गारवा दाराखालून थोडा येतो
आणि मी पाय तिकडे करून बसते.

फाइलचं नाव ‘वाटा’.
डावीकडे पत्ता, उजवीकडे साचा.
पाणीपट्टी मागितली की पाणीपट्टीचं पान,
नळजोडणी मागितली की नळजोडणीचं.
कोणी काय मागितलं की काय द्यायचं
एवढंच तिला ठाऊक,
मागणारा कोण ते ती विचारत नाही.

रेवणसिद्ध नोकरी सोडून गेला तेव्हा
सगळ्यांत वर एक ओळ लिहून गेला:
‘क्रम बदलू नका. नेमकं वर, मोघम खाली.
मोघम वर चढलं की सगळं गिळतं.’
ती मी कागदावर उतरवून मॉनिटरला चिकटवली आहे,
शेजारी डबा देणाऱ्या सुगंधाताईंचा नंबर.

आज वॉर्ड ऑफिसातून फोन आला,
गावठाणातली बिलं उघडत नाहीत.
सेक्टर सात, प्लॉट बारा उघडतं.
सेक्टर एकोणीस, प्लॉट चार-अ,
जिथे अजून नुसते पत्रे ठोकलेत, तेसुद्धा उघडतं.
गोठिवली नाही. तळवली नाही.
तळाची तारांकित ओळ त्यांना झेलते
आणि सगळ्यांच्या हातात एकच देते:
हे पान अस्तित्वात नाही.

मी नियम पुन्हा वाचला.
सेक्टर, मग अंक. प्लॉट, मग अंक.
अंक नसेल तर पुढे जा.
पुढे कोणी नाही.

मामाला फोन लावला. पावणेअकरा,
जागाच होता, मॅच बघत.
मामा, तुझ्या घराचा नंबर काय?
‘नंबर नाय गो. पयलंशीच नाय.
नंबर टाकलं ते बांधाचे पलीकरं.
हितं कोनाला पन इचार, हिराजी केन्याचा घर,
तलावाचे बाजूला, चिचेखाली. दाखवतीन.’
चिंच आहे अजून?
‘चिच नाय.
पन चिचेखालीच.’

मग मी ओळ लिहिली,
सेक्टरच्या खाली, मोघमाच्या वर:
गावठाण, मग गाव, मग खूण.
खूण म्हणजे अक्षरं, कितीही, कशीही.
उजवीकडे साच्याचं नाव घालायला गेले
तर तसा साचा फोल्डरमध्ये नव्हताच.
सोसायटीचा होता, गाळ्याचा होता,
कारखान्याचे तर तीन होते.
नुसत्या घराचा नव्हता.

साच्याला तसं फार काही लागत नाही.
रक्कम, मुदत, खाली एक बटण,
आणि जिथे माणूस यायचा तिथे
महिरपी कंस, दोन उघडणारे, दोन मिटणारे,
आत फक्त ‘नाव’ हा शब्द.
भाऊबीजेला आई पाटाभोवती रांगोळीची महिरप काढायची
तेव्हा मामा अजून रिक्षातसुद्धा बसलेला नसायचा.
आम्ही पोरं त्या रिकाम्या पाटाला वळसा घालून चालायचो.

सर्व्हर बंद केला. चालू केला.
गावठाण, गोठिवली, चिंचेखाली.
चाक फिरलं, जरा जास्तच फिरलं,
आणि कंस नव्हते.
हिराजी पांडू केणी.
तीनशे चाळीस रुपये, मुदत अठ्ठावीस तारीख.
पत्ता: चिंचेखाली.

मामाला परत फोन केला नाही,
बिल उघडलं म्हणून खूश होणारा माणूस नाही तो.
रेवणसिद्धच्या ओळीखाली माझी एक घातली:
‘खूण तपासू नका. जागेवर नसली तरी चालेल.’

तळवलीचं उद्या बघते.
तिथे म्हणे एकाच विहिरीच्या अंगाला तीन घरं आहेत,
तिघांचाही पत्ता विहीर,
आणि विहीर कधी बुजवली यावर
तिघांचं एकमत नाही.